फोटोखालच्या चार ओळी

लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. पंचांगात तिला दर्श वेळ अमावास्या म्हणतात, पण त्या भागात बोलताना सगळे येळवसच म्हणतात. त्या दिवशी लातूरची बाजारपेठ बंद, रस्ते सुने आणि सगळं शहर शेतात गेलेलं असतं. ज्याला शेत नाही तो सोयऱ्याच्या किंवा मित्राच्या शेतात जातो. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा झाली की भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं जेवण होतं. मी नांदेडचा. आमच्या घरी ही चाल नाही, म्हणून काही वर्षांपूर्वी एका मित्रासोबत औसा तालुक्यातल्या त्याच्या शेतात गेलो आणि दिवसभर फोटो काढले.

त्यातला एक फोटो मला फार आवडतो. बांधावरून एक आजोबा चालत येतायत, अंगावर घोंगडी, डोक्यावर रंगवलेलं मातीचं भांडं, पाठीमागं उन्हात उभी ज्वारी. मी त्यांना म्हणालो, "आजोबा, ते मटकं जरा सरळ धरा." ते थांबले आणि म्हणाले, "मटकं नव्हं लेकरा, बिंदगं म्हणत्यात." रात्री मित्राच्या घरी बसून मी त्या फोटोसाठी हे लिहून ठेवलं:

"येळवस, औसा तालुका, जि. लातूर. घरातला कर्ता पुरुष आंबिलानं भरलेलं बिंदगं डोक्यावर घेऊन शेतात येतो. बिंदगं म्हणजे चुन्या-काव्यानं रंगवलेलं मातीचं भांडं. कानडीत घागरीला बिंदिगे म्हणतात. आजोबांनी चपला बांधाच्या पलीकडं काढून ठेवल्या, त्या फोटोत दिसत नाहीत."

या चार ओळी काढून टाकल्या तर तो फोटो महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातला, डोक्यावर मडकं घेतलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याचा होतो. प्रकाश चांगला, चेहरा चांगला, पण एवढंच. ओळी वाचल्यावर तो एका दिवसाचा, एका भागाचा होतो, आणि चपलांचं कळल्यावर आजोबांचे अनवाणी पाय आपण पुन्हा पाहतो.

नांदेडला आम्ही फोटोग्राफर मंडळी भेटतो तेव्हा हा विषय निघतोच. फोटोग्राफरनं लिहावं का? वेळ घालवण्याइतकं त्यातून काही मिळतं का? लग्नसराईत चार-चार ऑर्डरी अंगावर असताना जेवायला वेळ मिळत नाही, तिथं लिहायला कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. आपला धंदा तासांवर चालतो, आणि जो तास लिहिण्यात गेला तो एडिटिंगमधून किंवा झोपेतून कापलेला असतो. म्हणून उत्तरही तासांच्या हिशेबातच द्यायला हवं.

आधी एक गोष्ट वेगळी काढतो. ऑर्डर मिळावी म्हणून जे लिहितात, म्हणजे आमची खासियत, आमचे कॅमेरे, आमची पॅकेजेस, त्याच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आपल्या भागात त्यावर फार वेळ घालवू नये. नांदेड-लातूरला लग्नाची ऑर्डर सोयऱ्याधायऱ्यांकडून येते. कुणाच्या तरी पुतणीच्या लग्नातला अल्बम मामानं पाहिला, मामानं नंबर दिला, असं ते चालतं. स्टुडिओचं नाव, पत्ता, नंबर आणि पाच-पन्नास चांगले फोटो लोकांना सापडतील असे ठेवा आणि मोकळे व्हा.

मी सांगतोय ते दुसरं लिहिणं. आपण काढलेल्या फोटोची ओळख लिहून ठेवणं. वर्तमानपत्रात त्याला कॅप्शन किंवा फोटोओळ म्हणतात. या लिहिण्याला लेखक असावं लागत नाही. लागते ती सवय, आणि ती लागायला साधारण दोन महिने जातात.

काम सुरू होतं जागेवरच. खिशात एक छोटी वही ठेवा, किंवा मोबाइलचा रेकॉर्डर वापरा. मी दोन्ही करतो. फोटो काढून झाला की समोरच्या माणसाला नाव, गाव विचारायचं, आणि शक्य झालं तर एकच जादा प्रश्न: "याला तुमच्यात काय म्हणतात?" बिंदगं हा शब्द मला असाच मिळाला. नाव वहीत लिहिल्यावर शेजारी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा फाइल क्रमांक लिहायचा. हा क्रमांक लिहायला लोक विसरतात आणि मग रात्री दहा चेहरे आणि दहा नावं यांची जुळणी लागत नाही. त्याहून सोपी युक्ती म्हणजे नाव लिहिलेल्या वहीच्या पानाचाच पुढचा फोटो काढून ठेवणं. चेहरा आणि नाव मागेपुढे एकाच कार्डात राहतात.

कॅमेरा स्वतःही काही लिहीत असतो. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, शटर, अ‍ॅपर्चर, लेन्स यांची नोंद आपोआप होते. तिला एक्झिफ म्हणतात. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदली जाते. ही नोंद फुकट मिळते, पण ती कॅमेऱ्याच्या घड्याळाइतकीच खरी असते. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की कॅमेरे तारीख विसरतात, आणि मग दिवाळीचे फोटो जानेवारीतले होऊन बसतात. महत्त्वाच्या कामाला निघताना घड्याळ तपासायचं. दोन कॅमेरे असतील तर दोघांची वेळ सेकंदापर्यंत जुळवायची. लग्नात अक्षतांचे दोन बाजूंनी काढलेले फोटो नंतर क्रमानं लावताना याचा उपयोग कळतो.

पुढचं काम त्याच रात्री. हा मुद्दा मी आग्रहानं मांडतो, कारण उशिरा लिहिलेल्या ओळींचं काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण आहे. १९३६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, निपोमो गावाजवळ, डोरोथिया लँग या सरकारी कामावर असलेल्या छायाचित्रकर्तीनं वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका बाईचे फोटो काढले. हनुवटीला हात लावून दूर कुठंतरी पाहणारी आई आणि तिच्या खांद्यांत तोंड लपवलेली दोन मुलं. "मायग्रंट मदर" म्हणून तो फोटो आजही जगभर छापला जातो. लँग या नोंदी ठेवण्याबद्दल दक्ष असत, पण त्या दिवशी त्यांनी बाईचं नाव विचारलं नाही. फोटोओळीत वय ३२, सात मुलांची आई, एवढंच आलं. चोवीस वर्षांनी, १९६० मध्ये, लँग यांनी त्या भेटीची आठवण लिहिली, आणि त्या कुटुंबानं पोटासाठी गाडीचे टायर विकले होते असं सांगितलं. १९७८ मध्ये एका वार्ताहरानं त्या बाईला शोधून काढलं. तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. घरच्यांनी सांगितलं की टायर विकलेच नव्हते, ते गाडीलाच होते. आपल्या चेहऱ्यावर जग बोलतं आणि आपल्या हाती त्यातलं काहीच आलं नाही, याचं त्या बाईला वाईट वाटत असे.

लँग यांनी खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. शेकडो तळ, शेकडो कुटुंबं पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात दोन हकिगती एकमेकींत मिसळतात. आपलंही तसंच होतं. एका सिझनमध्ये चाळीस लग्नं केल्यावर कुठल्या नवरीचा मामा कोणता, हे कुणाला आठवेल? त्याच रात्री लिहिलेली ओळ चुकण्याचा संभव फार कमी. आणि लँग यांच्याकडूनच शिकण्यासारखी दुसरी गोष्ट आहे. १९३९ मध्ये त्यांनी आणि त्यांचे पती पॉल टेलर यांनी विस्थापित शेतकऱ्यांवर एक पुस्तक केलं. त्यात फोटोंसोबत त्या माणसांनी उच्चारलेली वाक्यं जशीच्या तशी घेतली आहेत. "मटकं नव्हं लेकरा" हे वाक्य माझ्या वहीत आहे ते त्याच कारणासाठी.

आता हिशेब. समजा तुम्ही माळेगावच्या यात्रेला गेलात. लोहा तालुक्यातली खंडोबाची ही यात्रा, मार्गशीर्षातच भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा मोठा बाजार असतो. दिवसभरात ४०० फ्रेम्स झाल्या. त्यातल्या जपून ठेवाव्या अशा २०. एका फोटोला तीन मिनिटं धरली तर एक तास. बाकीच्या ३८० फ्रेम्सना एकत्रित एकच ओळ पुरते: ठिकाण, प्रसंग, तारीख. एवढा तास घालवायचा की नाही, हे ठरवायला एक फोटो डोळ्यांपुढं आणा. दोन माणसं समोरासमोर उभी, दोघांचे हात एका रुमालाखाली झाकलेले, आजूबाजूला जनावरं. शहरातल्या माणसाला वाटेल हात मिळवतायत. जनावरांच्या बाजारात तो सौदा असतो. भोवती उभ्या असलेल्यांना आकडा कळू नये म्हणून रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून किंमत सांगतात. ही एक ओळ फोटोखाली असली तर पाहणारा त्या रुमालाकडं थांबून बघतो, दोघांच्या चेहऱ्यांवरचा ताण त्याला दिसतो. ती नसली तर तो पान उलटतो. तीन मिनिटांत हे होत असेल तर मला तो सौदा फायद्याचा वाटतो.

ओळीत काय यावं? कोण, कुठं, कधी, काय करतंय, हे आधी. मग का करतंय. आणि शेवटी, चौकटीबाहेर काय होतं. हा शेवटचा भाग फक्त फोटोग्राफरच लिहू शकतो, कारण तिथं तोच उभा होता. विशेषणं टाळावीत. "करुण", "विदारक", "नयनरम्य" हे शब्द फोटोला मदत करत नाहीत. जे डोळ्यांना दिसतंय ते परत शब्दांत सांगण्यात वेळ जातो. ऐकीव गोष्ट लिहायचीच असेल तर कुणी सांगितली ते लिहावं. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची मंदिरं चालुक्यांच्या काळातली आहेत, पण तिथं उभ्या असलेल्या माणसानं सांगितलेली आख्यायिका ही त्या माणसाची म्हणूनच नोंदवायची, इतिहास म्हणून नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचे तर हजारो फोटो फिरत असतात. होळीला आणि दसऱ्याला तिथून निघणाऱ्या हल्लाबोल मिरवणुकीला नुसतं "शिखांचा उत्सव" म्हणून सोडून देतात. नांदेडच्या फोटोग्राफरनं तरी तसं करू नये.

लिहिलेलं ठेवायचं कुठं? वही हरवते, वेगळी वर्ड फाइल फोटोपासून तुटते. सर्वांत उत्तम जागा म्हणजे फोटोची फाइलच. वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या आंतरराष्ट्रीय मंडळानं त्यासाठी रकाने ठरवून दिलेले आहेत: वर्णन, छायाचित्रकाराचं नाव, हक्काची सूचना, ठिकाण, शोधशब्द. लाइटरूम, ब्रिज, डिजिकॅम अशा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे रकाने सापडतात. डिजिकॅम फुकट आहे. एकदा भरून फाइलमध्ये सेव्ह केलं की माहिती फोटोच्या पोटात जाते आणि कॉपी केली तरी सोबत राहते. नाव आणि हक्काची सूचना सगळ्या फोटोंना सारखीच असते, तिचा साचा करून ठेवला की आयात करतानाच ती भरली जाते.

दोन ठिकाणी ही माहिती गळते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की पोटातलं सगळं निघून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतं. संपादकाला किंवा गिऱ्हाइकाला मूळ फाइल द्यायची असेल तेव्हा डॉक्युमेंटचाच रस्ता धरावा. दुसरी गळती आपल्या मराठीची आहे. डीटीपीवाल्यांकडं वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत काम झालं. त्या फॉन्टशिवाय ती अक्षरं उघडली की नुसती इंग्रजी चिन्हांची भेळ दिसते. माझ्या २००४-०५ च्या नोंदी अशाच गेल्या. मराठीत जरूर लिहा, पण युनिकोडमध्ये लिहा. मोबाइलवर आपण जे मराठी टाइप करतो ते युनिकोडच असतं, त्यामुळं मोबाइलवर लिहून तिथून रकान्यात चिकटवणं सगळ्यांत सोपं.

न लिहिल्यानं काय जातं, ते मला लातूरच्या २०१६ च्या उन्हाळ्यानं शिकवलं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि १२ तारखेला पहाटे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. पुढं ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, तेव्हा एका खेपेला २५ लाख लिटर. देशभरातून कॅमेरे आले. मीही नांदेडहून आलो, तीन दिवस राहिलो. घागरींच्या रांगा, टँकरभोवतीची गर्दी, रुळांवरच्या वाघिणी, खूप काढलं. लिहिलं मात्र काहीच नाही. घाई होती, ऊन होतं, वाटलं हे कोण विसरणार.

तीन वर्षांनी एका संपादकांनी पाण्यावरच्या विशेषांकासाठी फोटो मागितले. त्यांना माझा एक फोटो पसंत पडला: टँकरच्या नळीखाली घागर धरलेली एक शाळकरी मुलगी, केस ओले, हसू मोठं. त्यांनी विचारलं, कुठला भाग? कोणती तारीख? हे रेल्वेनं आलेलं पाणी आहे की नेहमीच्या टँकरचं? मुलीचं नाव, आणि घरच्यांची परवानगी? तारीख कॅमेऱ्यानं सांगितली. बाकी एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्यांनी तो फोटो घेतला नाही आणि त्यांचं बरोबरच होतं. पाण्याच्या टँकरचे फोटो दर उन्हाळ्यात निघतात. लातूरच्या त्या एप्रिलचा फोटो म्हणून त्याची जी किंमत होती ती माझ्या न लिहिलेल्या दोन ओळींत होती. मला सगळ्यांत जास्त लागून राहिलं ते वेगळंच. ती मुलगी आता कॉलेजात असेल, आणि तिला तिचा हा फोटो मी देऊ शकत नाही.

ओळीचे पैसे असे मिळतात: पूर्ण माहिती असलेला फोटो दिवाळी अंकाला, पुस्तकाला, प्रदर्शनाला, संस्थेच्या अहवालाला देता येतो, माहिती नसलेला बहुतेक वेळा देता येत नाही. हे उत्पन्न या महिन्यात दिसत नाही. पाच-सात वर्षांनी कुणीतरी विषय घेऊन येतं आणि तुमच्या संगणकात "येळवस" किंवा "जनावरांचा बाजार" असं शोधल्यावर दहा फोटो नावानिशी पुढं येतात. मुंबईच्या सफाई कामगारांचं आयुष्य टिपणारे सुधारक ओलवे असोत की पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेला 'परी' हा ग्रामीण भारताचा संग्रह असो, त्या कामाचं वजन फोटो आणि मजकूर एकत्र असण्यात आहे. साईनाथ यांचं ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांवरचं प्रदर्शनही १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेल्या फोटोंचं. प्रत्येक फलकावर फोटोंइतकाच मजकूर वाचला जातो.

लग्नाच्या कामातही हे चालतं, फक्त रूप वेगळं. लग्नाच्या अल्बमच्या शेवटी मी दोन पानं माणसांची ठेवतो. हळदीच्या दिवशी नवरीच्या काकाला किंवा आत्याला घेऊन बसायचं आणि घरातल्या जुन्या माणसांची नावं लिहून घ्यायची: ही पणजी, अमुक गावची लेक, हे चुलत आजोबा, भाऊबंदकीतले सगळ्यांत वडील. अर्धा तास जातो. अल्बम घरी गेला की लोक आधी ती पानं उघडतात, आणि पणजी गेल्यावर एन्लार्जमेंट करायला त्याच फोटोसाठी येतात. पुढच्या भावंडाचं लग्नही बहुतेक त्याच घरातून येतं. ऑर्डर मिळवण्यासाठी लिहिण्यापेक्षा हे लिहिणं मला ऑर्डरीच्या दृष्टीनंही सरस वाटतं.

इथं कायद्याची एक गोष्ट लक्षात घ्या, पुष्कळांना ती माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कुणी पैसे देऊन त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो गिऱ्हाईक असतो. म्हणजे लग्नाचे फोटो प्रदर्शनात किंवा अंकात वापरायचे तर ऑर्डर घेतानाच तसं लेखी ठरवलेलं हवं. पावतीवरच दोन वाक्यं छापून सही घेतली तरी चालतं. स्वतःहून, कुणाच्या ऑर्डरीविना काढलेले फोटो तुमचे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क फोटोग्राफरच्या हयातीपर्यंत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. हक्क आपला आहे हे दाखवायलाही फाइलमध्ये लिहिलेलं नाव आणि तारीख उपयोगी पडते.

काही ठिकाणी न लिहिणंच योग्य असतं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी काढलेला फोटो, आजारी माणसाचा, लहान मुलाचा, यांत घरच्यांना विचारल्याशिवाय नाव-गाव बाहेर जाऊ देऊ नये. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं तर कायद्यानं गुन्हाच आहे. अशा वेळी मी नोंद दोन ठिकाणी करतो. खरी माहिती माझ्या बंद वहीत, आणि फाइलच्या रकान्यात फक्त तालुका आणि महिना. तसंच पासपोर्ट साइझ, दुकानातल्या मालाचे फोटो, ऑफिसच्या कार्यक्रमातले सत्काराचे फोटो, यांना तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव पुरे. तिथं जास्त वेळ घालवू नये.

नोंद सांभाळण्याची सवय आपल्याकडं नवी नाही. आपला मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या अनेक छायाचित्रांच्या कडेला क्रमांक आणि नाव घातलेलं दिसतं. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडं आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर अभ्यासकांना त्या प्रतिमा ओळखता येतात, त्यात त्या क्रमांकांचा आणि स्टुडिओच्या नोंदवह्यांचा मोठा वाटा आहे. काच आणि कागद सांभाळणारा माणूस नोंदही सांभाळत होता.

आणि नोंद नसली की काय हरवतं, ते किल्लारीच्या भूकंपानं दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी घरं झोपेतल्या माणसांवर पडली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, आखीव रस्त्यांची. जुन्या गावांतल्या गल्ल्या, वाडे, चावड्या, पार आता फक्त फोटोंत आहेत. ते फोटो लातूर, औसा, निलंगा, उमरगा इथल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांत आणि घराघरांतल्या लग्नाच्या अल्बमांत आहेत. १९८० च्या दशकातल्या एखाद्या वरातीच्या फोटोत नवरदेवामागं जो वाडा दिसतो तो कुणाचा, ती गल्ली कुठली, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

तुमच्याकडं किंवा तुमच्या वडिलांच्या स्टुडिओत अशी पेटी असेल तर काम अवघड नाही. साध्या कागदाच्या जुन्या कृष्णधवल प्रिंटच्या पाठीवर मऊ पेन्सिलनं, न दाबता, कडेला लिहायचं. बॉलपेनचा वळ पुढून उमटतो आणि शाई पसरते. प्लास्टिकचा लेप असलेल्या रंगीत प्रिंटवर पेन्सिल चालत नाही, तिथं प्रत्येक प्रिंट कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहायचं, आणि तेही प्रिंट आत घालण्याआधी. निगेटिव्हच्या पट्ट्यांनाही तसंच. मग मोबाइलनं एकेक फोटो काढून घ्यायचा आणि त्याच ओळी फाइलच्या रकान्यात टाकायच्या.

ज्यांना त्या गल्ल्यांची नावं माहीत आहेत ती माणसं भूकंपाच्या वेळी चाळिशीत होती. आज ती सत्तरीच्या पुढं आहेत. येत्या येळवसला शेतात जाल तेव्हा पेटीतले दहा फोटो, एक पेन्सिल आणि वही सोबत न्या. जेवणं झाल्यावर कोपीत जी म्हातारी माणसं निवांत बसलेली असतात, त्यांच्या हातात एकेक फोटो द्या आणि ती सांगतील ते लिहून घ्या.